आधी माळा बघा, मग मेसेज टाका

पोस्ट लांब आहे. आता वेळ नसेल तर सेव्ह करा, रात्री जेवण झाल्यावर वाचा. पण डहाणू-तलासरीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपचे जे जे ॲडमिन माझ्या यादीत आहेत, त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा. तुमच्याबद्दल आहे. माझ्याबद्दलही आहे.

गेल्या आठवड्यात तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरचा आठ वर्षांचा मुलगा 'बेपत्ता' झाला. पाड्याचं नाव लिहीत नाही, मुलाचं तर नाहीच. ज्यांना माहीत आहे त्यांनीही कमेंटमध्ये लिहू नये, लिहिलंत तर मी उडवणार.

संध्याकाळची साडेसहाची वेळ. आई उंबरगावच्या कंपनीतून शिफ्ट संपवून घरी आली. बाप अजून यायचा होता. आजी ओटीवर बसलेली. पोरगा कुठंय? आत्ता तर इथंच होता. शेजारी बघितलं, नाही. हातपंपावर नाही, शाळेच्या मैदानात नाही, काकाकडे नाही. अंधार पडायला लागला. त्या आईच्या पोटात तेव्हा जो गोळा आला तो कुठल्याही आईच्या पोटात येईल. तिच्याबद्दल मला एक अक्षर वाईट बोलायचं नाही. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या दीड तासाबद्दल.

६ वाजून ५० मिनिटांनी शेजारच्या पोराने पाड्याच्या ग्रुपवर मुलाचा फोटो टाकला. 'आपला हा मुलगा दिसत नाही, कोणाला दिसला तर या नंबरवर सांगा.' इथपर्यंत सगळं बरोबर. साधा, खरा, कामाचा मेसेज. खाली नंबर होता.

दुसऱ्या ग्रुपवर जाईपर्यंत 'दिसत नाही'चं 'पळवला' झालं. नंबर गळाला. तिसऱ्या ग्रुपवर पांढरी इको गाडी आली. चौथ्यावर त्या इकोत दोन बायका आणि साधूच्या वेशातला एक माणूस बसला. पाचव्यावर किडनीचा विषय निघाला आणि खाली 'आपल्या भागात टोळी आली आहे, सावध राहा, जास्तीत जास्त शेअर करा' ही ओळ लागली. हे सगळं अर्ध्या तासात. त्या अर्ध्या तासात घराच्या बाहेर शंभर माणसं होती. घराच्या आत कोण होतं? आजी.

माझ्याकडे तो मेसेज ७ वाजून २० मिनिटांनी आला, एकदम चार ग्रुपवरून. आता माझं पाप सांगतो. मी पत्रकारितेची पदविका घेतलेला माणूस. वीसेक वर्षं या दोन तालुक्यांत बातम्या गोळा करतोय. दोन ठिकाणांहून खात्री केल्याशिवाय बातमी द्यायची नाही, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. मी पोलीस ठाण्याला एक फोन लावला, तो बिझी लागला. दुसरा लावला नाही. दुसरं एखादं पेज आधी टाकेल, या भीतीने मी माझ्या पेजवर ठोकून दिलं, 'ब्रेकिंग : तलासरीत मुलाच्या अपहरणाने खळबळ'. वीस मिनिटांनी काढलं. तोवर शेअरचा आकडा शंभराच्या वर गेला होता.

पोस्ट टाकून मी गाडी काढली. नाक्यावर पोचलो तर साठ-सत्तर जणांचा घोळका. मध्ये एक छोटा हत्ती आणि त्याचा मालक. टेम्पोत प्लास्टिकचे टब, बादल्या, चटया. मेसेजमध्ये इको होती, समोर छोटा हत्ती होता, पांढरा रंग तेवढा जुळला. माणूस परप्रांतातला खरा, पण पाच-सहा वर्षं याच पट्ट्यात माल विकतोय. पाड्यापाड्यातल्या बायका त्याला ओळखतात, त्याच्याकडे उधारीही चालते. त्याच्या कानशिलात बसली होती, शर्ट फाटला होता आणि कुणीतरी त्याचं आधारकार्ड हातात घेऊन मोबाईलच्या उजेडात उलटंसुलटं बघत होतं. दोघं-तिघं व्हिडिओ काढत होते. 'सोडू नका याला', 'हातपाय तोडा' असं चाललेलं.

वाचला कसा? एका म्हाताऱ्या बाईमुळे. ती गर्दीत घुसली आणि ओरडली, 'अरे टबवाला हाय तो, मी परवाच टब घेतलाय त्याच्याकडनं!' तिच्या मागोमाग शेजारच्या गावचे पोलीस पाटील पुढे आले. त्यांनी टेम्पोची चावी आपल्या खिशात टाकली आणि त्या माणसाला पाठीशी घालून उभे राहिले. पोलिसांची गाडी यायला पंचवीस मिनिटं लागली. त्या पंचवीस मिनिटांत आणखी दहा जण दारू पिऊन आले असते, तर आज ही पोस्ट वेगळी असती.

आणि ८ वाजून १० मिनिटांनी फोन आला. पोरगा सापडला.

कुठे? घरात. माळ्यावर. गोधड्यांच्या गठ्ठ्यामागे.

बाप कामावरून आला, शोधायला जायचं म्हणून बॅटरी काढायला माळ्यावर चढला, तर गोधड्यांमधून पाय दिसला. झालं होतं एवढंच की आईचा जुना मोबाईल खेळता खेळता पाण्याच्या पिंपात पडला. आई यायची वेळ झाली. पोरगा घाबरून वर जाऊन लपला आणि लपल्या लपल्या झोपला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. बापाने जे सांगितलं ते ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. मुलगा मधेच जागा झाला होता. त्याला हाका ऐकू आल्या होत्या. खाली अंगणात माणसं ओरडत होती, 'सापडू दे एकदा, हातपाय तोडतो, सोडत नाही.' त्या पोराला वाटलं, हे आपल्याबद्दलच चाललंय. मोबाईल भिजवला म्हणून अख्खा पाडा आपले हातपाय तोडायला आलाय. म्हणून तो आणखी आत सरकला आणि श्वास रोखून पडून राहिला.

म्हणजे बघा. ज्या पोराला वाचवायला जमाव जमला, ते पोर त्या जमावाला घाबरून लपलेलं होतं.

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, जाऊ द्या ना सर, सापडला ना? कुणी मेलं नाही ना? चुकून झालं. लोक काळजीपोटी करतात.

हे वाक्य दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाने बोलावं. आपण बोलू नये. आपल्या डहाणू तालुक्याच्या नावावर गडचिंचले आहे.

१६ एप्रिल २०२० ची रात्र. लॉकडाऊन होता. ७० आणि ३५ वर्षांचे दोन साधू आणि त्यांचा ३० वर्षांचा चालक मुंबईहून सुरतकडे एका अंत्यविधीला निघाले होते. हायवेवर अडवतील म्हणून आतल्या रस्त्याने आले. दादरा नगर हवेलीच्या हद्दीजवळ, गडचिंचल्याच्या वनखात्याच्या चौकीपाशी त्यांना अडवलं. जमाव वाढत गेला. पोलीस आले, तरी पोलिसांच्या देखत तिघांना मारलं. त्यातल्या वयस्कर साधूचा पोलिसाचा हात धरून चाललेला व्हिडिओ अख्ख्या देशाने पाहिला.

त्या आधीचे काही दिवस आठवा. कासा भागात रात्री गावोगाव गस्ती सुरू होत्या. चोर आलेत, पोरं पळवणारे आलेत, किडन्या काढणारे आलेत, असं मोबाईलवर आणि तोंडातोंडी फिरत होतं. त्याच आठवड्यात धान्यवाटप करून परतणाऱ्या एका डॉक्टरांच्या गाडीवरही याच भागात हल्ला झाला होता. तो धडा पुरेसा होता, पण आपण शिकलो नाही.

मी तेव्हाही विचारलं होतं, आज पुन्हा विचारतो. त्या आठवड्यात कुणाचं मूल गेलं होतं? कुठल्या पाड्यावरचं? कुठल्या घरातलं? एकाही घराचं नाव पुढे आलं नाही. न हरवलेल्या मुलांसाठी आपल्या तालुक्यात तीन माणसं मारली गेली. मग शंभरावर लोकांना अटक झाली, त्यात अल्पवयीन मुलंही होती. अटकेच्या भीतीने पाड्यांवरचे पुरुष जंगलात पळाले. मागे घरात राहिल्या बायका आणि तीच मुलं, ज्यांच्या नावाने गस्त घातली जात होती. टीव्हीवाल्यांनी त्या रात्रीत आपापल्या सोयीचा धर्म शोधला, पक्षांनी आपापल्या सोयीचा शत्रू शोधला. अफवा कुठून निघाली, कुणी पुढे ढकलली, याच्यावर आपण इथल्या लोकांनी एक ग्रामसभा तरी घेतली का? निदान मी बसलेलो असेन अशी तरी नाही.

आणि हे फक्त आपलंच नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजाराच्या दिवशी पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक. मारलं कुठे? ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. संशय काय? मुलं पळवणारी टोळी. त्याच सुमारास मालेगावात दोन वर्षांचं मूल सोबत असलेल्या पाच जणांच्या कुटुंबाला जमावाने घेरलं होतं. त्यांना एका घरात आसरा मिळाला आणि पोलिसांनी बाहेर काढलं म्हणून वाचले. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगलीच्या जत तालुक्यात लवंगा गावात चार साधूंना पट्ट्यांनी, काठ्यांनी मारलं. तेही मुलं पळवणारे म्हणूनच. पंढरपूरला निघालेली माणसं होती ती, एका मुलाला रस्ता विचारला एवढाच गुन्हा.

२०१८ साली या अफवांबरोबर एक व्हिडिओ फिरत होता. दोघे मोटारसायकलवरून येतात आणि रस्त्यात खेळणारं पोर उचलून नेतात. तुम्ही पाहिला असेल, मीही पाहिला होता. तो व्हिडिओ होता कराचीचा. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेने पालकांना सावध करायला बनवलेला. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. आपल्याकडे येईपर्यंत कुणीतरी शेवट कापला होता. मूल परत आणतानाचा भाग कापायचा आणि पळवतानाचा तेवढा ठेवायचा! गेल्या आठवड्यात आपण वेगळं काय केलं? 'पळवला' हा मेसेज मी मोजला तेव्हा माझ्या चौदा ग्रुपवर होता. 'सापडला, घरीच होता' हा मेसेज त्यातल्या तीन ग्रुपवर आला. बाकीच्या अकरा ग्रुपच्या दृष्टीने तो पोरगा आजही इकोतच आहे. परवा वापीहून माझ्या मावशीने तोच फोटो मला पाठवला, 'काळजी घ्या रे पोरांची' म्हणून.

आता आमच्या धंद्याबद्दल. एक गोष्ट लोकांना माहीत नसते आणि आम्ही पत्रकार ती सांगत नाही, कारण न सांगण्यात हिट्स आहेत.

अठरा वर्षांखालचं कुणीही हरवल्याची तक्रार आली की पोलीस सहसा अज्ञाताविरुद्ध अपहरणाचाच गुन्हा नोंदवतात. आधी भादंवि ३६३ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १३७(२) आहे. यामागे सर्वोच्च न्यायालयाचा १० मे २०१३ चा निकाल आहे. हरवलेल्या मुलाचा तपास मूल पळवलं किंवा विकलं गेलं असेल असं धरूनच सुरू करा, नुसती नोंद करून कागद बाजूला ठेवू नका, असं न्यायालयाने सांगितलं. हे अतिशय चांगलं झालं. त्याआधी पोराची तक्रार घेऊन गेलं की 'बघा नातेवाइकांकडे, उद्या या' असं ऐकायला लागायचं.

पण याचा अर्थ असा की पोरगी आईशी भांडून आत्याकडे गेली तरी कागदावर 'अपहरण'. पोरगा आश्रमशाळेतून पळून घरी निघाला आणि रस्त्यात मामाकडे थांबला तरी कागदावर 'अपहरण'. आम्ही पत्रकार तो कागद उचलतो आणि मथळा देतो, 'अमुक तालुक्यात महिन्यात इतक्या मुलांचे अपहरण'. कलम तपासाच्या सोयीचं असतं, मथळ्यात त्याची टोळी होते. आणि त्यातली जी मुलं चार दिवसांत घरी येतात, त्यांची बातमी कोण देतं? मी स्वतः गेल्या वीस वर्षांत दिलेल्या अशा बातम्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

आणखी एक मुद्दा. हा वाद नुसता अफवेचा नाही. बाहेर शोधण्याच्या नादात घरचं पोर मरू शकतं.

जून २०२३ मध्ये नागपुरात पाचपावली पोलीस ठाण्याच्या हद्दीतली तीन लहान मुलं शनिवारी दुपारी खेळायला गेली ती परतली नाहीत. घरचे, पोलीस, सगळे शोधत होते. अपहरणाचा गुन्हा दाखल झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सापडली, घरापासून हाकेच्या अंतरावर उभ्या असलेल्या एका बंद गाडीत. तिघांचाही गुदमरून, उष्णतेने जीव गेला होता. खेळता खेळता आत शिरली आणि दार उघडता आलं नाही. जूनच्या उन्हात बंद गाडी म्हणजे भट्टी. तिथे लहान मुलाकडे तास नसतात, मिनिटं असतात.

म्हणून हात जोडून सांगतो. मूल दिसेनासं झालं की पहिली दहा मिनिटं घराची आणि अंगणाची. आपल्याकडे पोरं कुठे लपतात हे आपल्याला माहीत आहे, कारण आपणही तिथेच लपलो होतो. माळा. खाटेखाली. कणगीमागे. गोधड्यांच्या आणि गाद्यांच्या घडीत. कपाटात, मोठ्या पेटीत. पेंढ्याच्या उडवीत. बोर्डी-घोलवडकडे चिकूच्या क्रेटच्या ढिगामागे. झाईला होडीत, जाळ्यांच्या ढिगात. मी स्वतः सातवीत गणितात नापास झालो तेव्हा दुपारभर चिकूच्या खोक्यांमागे बसलो होतो आणि आईची हाक ऐकूनही ओ दिली नव्हती. आणि सगळ्यात आधी बघायची ती जागा, जिथे जीव जातो: पाण्याची टाकी आणि पिंप, विहीर, शेततळं, उभी असलेली बंद गाडी, बाहेरून कडी लागणारी पेटी.

दुसरं, हाक मारायची रीत बदला. 'कुठं मेलास, ये बघते तुला' अशी हाक मारली तर लपलेलं पोर बाहेर येईल का? रागाची हाक ऐकली की ते आणखी आत जातं. 'ये बाळा, कुणी काही बोलणार नाही' असं म्हणा, आणि खरंच काही बोलू नका. माझ्या डोळ्यांदेखत या पोराला सापडल्यावर आधी मिठी मिळाली आणि मग दोन धपाटे. आई रडत रडत मारत होती. समजू शकतो. पण त्या पोराने काय लक्षात ठेवलं असेल? पुढच्या वेळी माळा नको, जरा लांब जाऊ.

दहा मिनिटांत नाही सापडलं तर थेट ११२ किंवा १०९८. चोवीस तास थांबावं लागतं, हे कुणीतरी सिनेमात बघून पसरवलेलं आहे. असा काही नियम नाही. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर वर सांगितलेल्या २०१३ च्या निकालाचं नाव घ्या आणि तक्रारीची प्रत मागा. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे गेला पाहिजे, हेही लक्षात ठेवा.

इथे एक जण नक्की म्हणणार, 'सर, पोलीस येतात का वेळेवर? म्हणून लोक हातात घेतात.' यात तथ्य आहे आणि मी ते नाकारत नाही. आपल्याकडचे पाडे लांब, रस्ते कसे आहेत ते माहीत आहे, कित्येक ठिकाणी रेंज नाही. रात्री मदत पोचायला तास जातो. काही वर्षांपूर्वी एक बाई मुलीची तक्रार घेऊन गेली तेव्हा तिला तीन वेळा परत पाठवलं गेलं, मी साक्षीदार आहे. पोलिसांना याचा जाब विचारलाच पाहिजे. १७ जुलै २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेविरुद्ध प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितलं. आपल्या जिल्ह्यात तो कोण आहे, हे किती सरपंचांना माहीत आहे? किती पोलीस पाटलांकडे त्याचा नंबर आहे? हे विचारायला मोर्चा काढा, मी पुढे असेन. पण पोलीस उशिरा आले याचा राग टबवाल्यावर काढायचा, हे कुठलं गणित?

आता सगळ्यात बोचणारी गोष्ट. आपल्या दोन तालुक्यांतली मुलं हरवत नाहीत का? हरवतात. पण ती पांढऱ्या इकोतून जात नाहीत.

दिवाळी झाली की आपल्याकडची घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात. भिवंडीकडे, वसईकडे, गुजरातेत. पोरं सोबत जातात. शाळेच्या हजेरीपटावर नाव असतं, वर्गात पोर नसतं. त्यातलं एखादं परत येतच नाही. दहा-बारा वर्षांचा पोरगा उचल घेतलेल्या बापाच्या जागी कामाला ठेवला जातो. २०२२ साली कातकरी समाजाची मुलं मेंढपाळांकडे मेंढ्या राखायला ठेवल्याचं प्रकरण बाहेर आलं होतं, नाशिक-नगरकडे. थोडे पैसे आणि एखादी मेंढी देऊन नेलेली मुलं. त्यातली इगतपुरी तालुक्यातली एक लहान मुलगी मेली, तेव्हा कुठे सरकारला जाग आली. त्या मुलांना कुणी पळवलं नव्हतं. ओळखीच्या माणसाने, दिवसाढवळ्या, हाताला धरून नेलं होतं. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचंही तेच. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षं सांगते की अशा गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, रोजचा माणूस.

आणि आश्रमशाळांचं काय? पोरगं वसतिगृहातून निघून जातं. शाळा समजते घरी गेलं, घर समजतं शाळेत आहे. चार-चार दिवस कुणी कुणाला फोन करत नाही. कधी ते घरीच लपलेलं असतं, परत पाठवतील म्हणून. कधी नसतं. अशा पोरासाठी मी आजवर एकही 'जास्तीत जास्त शेअर करा' पाहिलेला नाही. मुकादमाच्या टेम्पोत बसलेली पोरं नाक्यावर कुणी मोजलेली पाहिलेली नाहीत. त्या टेम्पोचा नंबर कुणी ग्रुपवर टाकत नाही. कारण तो मुकादम आपला आहे, आपल्या ओळखीचा आहे, निवडणुकीत आपल्या बाजूने असतो.

परक्याला मारणं सोपं आहे हो. आपल्यातल्याला विचारणं अवघड आहे. म्हणून आपण टोळी शोधतो.

ॲडमिन लोकांनो, तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. एक, मूल हरवल्याचा मेसेज नाव-गाव, तारीख-वेळ आणि घरच्या माणसाचा नंबर असल्याशिवाय ठेवायचा नाही, लगेच काढायचा. नंबर असला तर स्वतः फोन करून विचारायचं. दोन, 'टोळी', 'किडनी', 'साधूच्या वेशात' हे शब्द दिसले की टाकणाऱ्याला सगळ्यांसमोर विचारायचं, तू पाहिलंस का? खोट्या अफवेने लोकांना भडकवणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हेही त्याला सांगा. तीन, मूल सापडलं की जिथे जिथे मेसेज गेला तिथे तिथे 'सापडलं' हे गेलंच पाहिजे आणि मुलाचा फोटो उतरलाच पाहिजे. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये एका वेळी पाचच जणांना फॉरवर्डची मर्यादा घातली, २०२० च्या एप्रिलमध्ये खूप फिरलेल्या मेसेजला एकाच ठिकाणची. तरी गडचिंचले झालं. कंपनी तुमचा अंगठा धरून ठेवणार नाही. तो तुम्हालाच धरावा लागेल.

माझ्या बाजूने मी एवढं करतोय. ती 'ब्रेकिंग' पोस्ट मी काढली होती, पण नुसती काढून भागत नाही. ज्यांनी ज्यांनी ती शेअर केली त्यांना मी एकेकाला मेसेज करतोय. आतापर्यंत एकेचाळीस झाले. नऊ जणांनी काढली. एकाने उत्तर दिलं, 'असू द्या सर, लोक सावध तरी राहतील.' त्याला मी त्या टबवाल्याचा फाटका शर्ट आठवायला सांगितला. इथून पुढे ठाण्यातून किंवा घरच्यांकडून खात्री झाल्याशिवाय माझ्या पेजवर एकाही मुलाचं 'अपहरण' होणार नाही. झालं तर या पोस्टचा स्क्रीनशॉट माझ्या तोंडावर मारा.

टबवाला त्या दिवसापासून आला नाही. पोलिसांनी सोडल्यावर त्याने तक्रार दिली नाही, टेम्पो घेऊन गेला तो गेलाच. उधारीचे पैसे घ्यायलाही नाही. ती म्हातारी मला परवा बाजारात भेटली. म्हणाली, माझे दीडशे रुपये द्यायचे राहिलेत त्याचे, कुठं भेटला तर सांग. मी कुठे शोधू त्याला?

तो खरा हरवलाय. त्याचा फोटो टाका बघू कुणी ग्रुपवर.

(शेअर करायला हरकत नाही. पण आधी पूर्ण वाचा.)